करणीने घडवलेले द्वंद्व : ‘डार्क शॅडोज’मधील १७९५चे पर्व

ठाण्याच्या नौपाड्यातील आमच्या घरी गेल्या पावसाळ्यात, रोज रात्री जेवणानंतर दोन भाग या हिशेबाने, आईने आणि मी ‘डार्क शॅडोज’ या जुन्या अमेरिकी भयमालिकेतील १७९५चे पर्व पाहून पूर्ण केले. शवपेटीच्या आकाराच्या खोक्यात मिळणारा १३१ डीव्हीडींचा संपूर्ण संच माझ्या मावसभावाने पाहायला दिला होता. सगळे १,२२५ भाग पाहणे प्रत्येकाला जमणार नाही. परंतु नोव्हेंबर १९६७ ते मार्च १९६८ या काळात प्रसारित झालेले, कथा मागे १७९५ सालात नेणारे हे पर्व तेवढे अवश्य पाहावे, आणि तेही त्यातील काका-पुतण्याच्या द्वंद्वासाठी, असे मला मनापासून वाटते.

मेन राज्यातील कॉलिन्सपोर्ट गावच्या श्रीमंत घराण्यातला बार्नाबस याचे मार्टिनिक बेटावरच्या जोसेटशी लग्न ठरलेले असते. जोसेटच्या आत्याची दासी अँजेलिक हिचे बार्नाबसशी पूर्वी संबंध होते आणि आता तो तिला नाकारतो. त्याचा सूड म्हणून ती करणी करून जोसेट आणि बार्नाबसचा धाकटा काका जेरेमाया यांना एकमेकांच्या मोहात पाडते. दोघांच्या हातांवर त्रिशूळाची खूण उमटते, दोघेही स्वतःला आवरू पाहतात, आणि अखेर पळून जाऊन लग्न करतात. वयाने जवळ असलेला, मित्रासारखा वागणारा हा काका परत येतो तेव्हा बार्नाबस त्याला पिस्तुलांच्या द्वंद्वाचे आव्हान देतो.

समोरासमोर उभे राहिलेले दोघेही निर्दोष आहेत आणि खरी अपराधी तिथे लढायला उभी नाही, हे प्रेक्षकाला ठाऊक असते; त्या दोघांना मात्र ते ठाऊक नसते. जेरेमायाला आपण हे का केले याचे उत्तर सापडत नाही, म्हणून तो पुतण्याचा जीव घेण्याचा प्रयत्नच करत नाही आणि स्वतः गोळी झेलतो. शिखंडीसमोर शस्त्र खाली ठेवणाऱ्या भीष्मांची आईला इथे आठवण झाली. एप्रिल १९६७पासून प्रेक्षकांनी ज्याला पिशाच म्हणून पाहिले होते, तो बार्नाबस मुळात किती हळवा तरुण होता, हे कळल्यामुळे त्याच्या हातून झालेली ही हत्या अधिकच जिव्हारी लागते.

पुतण्याच्या ‘काका, मला वाचवा’ या हाकेवर वाढलेल्या आपल्या पिढ्यांना हे नाते निराळे समजावून सांगावे लागत नाही. नारायणरावांच्या १७७३मधील खुनानंतर राघोबादादांनी इंग्रजांकडे धाव घेतली आणि त्याच गुंतागुंतीत १७७४च्या अखेरीस आमचा ठाण्याचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. शिवाय १७९५ हेच सवाई माधवरावांच्या मृत्यूचे वर्ष आहे. घरातले वैर भिंतीबाहेर किती दूर पसरते, हे आम्हाला रोज, आता तुरुंग असलेल्या त्या किल्ल्याच्या तटावरून दिसते.

निर्मितीतील उणिवा लपत नाहीत. भाग जवळपास सलग चित्रित होत असल्याने नट संवाद विसरतात, मायक्रोफोनची सावली पडते आणि नेपथ्य हलते. गडकरी रंगायतनमध्ये नाटके पाहणाऱ्यांना मात्र या सलगपणातच अभिनयाचा कस दिसेल. जोनाथन फ्रिड यांचा बार्नाबस अडखळतो, पण त्या अडखळण्यातही त्याची घालमेल जाणवते. लारा पार्कर यांची अँजेलिक दुष्ट असूनही प्रेमाने पोळलेली वाटते, हे मला त्यांचे सर्वांत मोठे यश वाटते. कॅथरिन ली स्कॉट यांची जोसेट करणीच्या अमलाखाली असतानाचे प्रसंग मात्र लांबले आहेत. तीच ओढ आणि तोच पश्चात्ताप दोन-तीन भाग कमी करूनही पोहोचला असता. रॉबर्ट कोबर्ट यांचे संगीत चांगले आहे.

लुई एडमंड्स यांनी साकारलेला जोशुआ हा बार्नाबसचा पिता. घराण्याच्या अब्रूपुढे त्याला दुसरे काही दिसत नाही. मुलगा मरण पावल्यावर जोशुआ ‘तो इंग्लंडला गेला’ असे लोकांना सांगतो, आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या तेच खरे मानले जाते. म्हणून द्वंद्वाचा भाग पाहून थांबू नये. अँजेलिकचा शाप, जोसेटचा अंत आणि या कठोर बापाचे हळूहळू खचत जाणे हे सारे त्यानंतरच्या भागांत आहे. आईने त्यातला शेवटचा भाग दोन वेळा लावायला सांगितला.