मोराबाराबा की शिसिमा?

मोराबाराबा आणि शिसिमा या पटावरच्या दोन आफ्रिकी खेळांपैकी मुलांना कोणता शिकवावा, असं विचारलं होतंत. दोन्हींत आपल्या तीन सोंगट्यांची ओळ लावायची. खर्च म्हणाल तर खडू आणि खडे.

केनियाच्या शिसिमात अष्टकोनी पट, मधली जागा म्हणजे ‘पाणवठा’, प्रत्येकी 3 सोंगट्या. पाणवठ्यातून जाणारी ओळ लागली की जिंकलात. पटकन शिकून होतो, पण कधीकधी त्याच त्या चाली फिरत राहतात आणि डाव बरोबरीत सुटतो.

दक्षिण आफ्रिकेच्या मोराबाराबात प्रत्येकी 12 ‘गायी’ (म्हणजे सोंगट्या), पटावर 24 जागा; पट आखतानाच दम लागतो. ओळ लागली की समोरच्याची एक गाय उचलायची. खरी गंमत शेवटी: तीनच गायी उरल्या की त्या कुठंही उडी मारतात आणि हरत आलेला गडी अचानक डोईजड होतो!

लहानग्यांना शिसिमा द्या. डोकं लावून बसणारे दोघे असतील तर मोराबाराबाच.