‘नॉन-रिफंडेबल’ तिकिटाचेही कर परत मिळतात, साइटवाले सांगत नाहीत

चुलतबहिणीच्या लग्नासाठी पुणे-नागपूर विमानाची तीन तिकिटं एका बुकिंग साइटवरून काढली. यादीत ठळक आकडा माणशी ३,२९९. नावं, वयं सगळं भरून पैसे भरायच्या पानावर पोचलो तर एकूण १३,६५६! त्यात ५९७ रुपयांचा प्रवास विमा, कुणी न मागता टिक करून ठेवलेला. तो काढला. माणशी ३५० रुपयांची ‘कन्व्हिनियन्स फी’ मात्र निघत नाही. पैसे मी भरायचे, ओटीपी मी टाकायचा, मग सोय कोणाची केली देव जाणे.

अशी शेवटच्या पानावर फुगणारी किंमत आणि गुपचूप घुसडलेला विमा, दोन्ही गोष्टी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत ‘डार्क पॅटर्न’ (ग्राहकाला चकवणाऱ्या क्लृप्त्या) म्हणून बंद केल्या आहेत. कागदावर.

खरा दणका पुढेच बसला. लग्न लांबलं, तिकिटं रद्द केली, तर स्क्रीनवर परतावा शून्य. कस्टमर केअरवाला म्हणाला, “सर, सेल फेअर आहे, काहीच मिळणार नाही.”

इथे बहुतेक लोक फोन ठेवून देतात. तुम्ही ठेवू नका. तिकिटाचा ब्रेकअप, म्हणजे रकमेची फोड, उघडा. मूळ भाड्याखाली जीएसटी, विमानतळाची यूडीएफ (विमानतळ वापराचं शुल्क) आणि विमान सुरक्षा शुल्क अशा ओळी दिसतील. हे पैसे भाड्याचे नव्हेत. विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीए या सरकारी संस्थेचा नियम सरळ आहे: तिकीट रद्द करा किंवा विमान चुकवा, सरकारी कर आणि विमानतळ शुल्क परत द्यावंच लागतं, सेलच्या तिकिटावरसुद्धा. एजंटकडून काढलेल्या तिकिटाच्या परताव्याची जबाबदारीही विमान कंपनीवरच आहे.

आमच्या तिघांचे हे २,११२ रुपये होते. विमान प्रवाशांच्या तक्रारींसाठी असलेल्या सरकारी एअरसेवा पोर्टलवर पीएनआर आणि ब्रेकअपचा स्क्रीनशॉट टाकून तक्रार केली. विमान कंपनीचं उत्तर वाचून डोकंच फिरलं. म्हणे, कराची रक्कम एजंटच्या खात्यावर केव्हाच जमा केली आहे! म्हणजे साइटवाले आमचे पैसे खिशात घालून आम्हालाच ‘शून्य’ दाखवत होते. असे रोज किती जणांचे दाबत असतील, हिशोब तुम्हीच करा.

ते उत्तर साइटला पाठवल्यावर पैसे आले, पण त्यांच्याच वॉलेटमध्ये, वर सहा महिन्यांत वापरायची अट. तेही चालत नाही. परतावा क्रेडिट म्हणून ठेवायचा की रोख घ्यायचा, हे प्रवासी ठरवतो. नियमात तसं स्पष्ट आहे. ते कळवल्यावर बँकेत जमा झाले. तुमची साइट तिथेही अडून बसली, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. आणि रद्द करण्याआधी ब्रेकअपचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. आमच्या साइटवर नंतर ते पान उघडतच नव्हतं.