नवीन पोरांना ऑटोमेशनला लावायचंय तर प्लेराइट कसं आहे?

प्लेराइट म्हणजे ब्राउझर आपोआप चालवून वेब ॲप तपासणारं टूल. त्याला पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली येतंच. सेलेनियम (त्याच कामाचं जुनं टूल) भारी का प्लेराइट भारी हा वाद मला इथं घालायचाच नाही, मी एवढंच बघितलं की नवीन पोरगं किंवा पोरगी टीममध्ये आली की ती किती लवकर कामाला लागते आणि टेस्ट लाल झाली (म्हणजे पडली) की स्वतःचं स्वतः निस्तरते का, का दर वेळी सिनियरच्या खुर्चीमागं येऊन उभी राहते.

आम्ही संभाजीनगरला, टीम छोटी, आणि टेस्ट करतो ते अडत दुकानांच्या हिशोबाचं वेब ॲप, म्हणजे सोयाबीन-तुरीची आवक, वजन, हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी वगैरे. येणारे फ्रेशर बीड, परभणी, जालन्याकडचे, बहुतेकांनी क्लासमध्ये जावा-सेलेनियम-टेस्टएनजी (टेस्टएनजी म्हणजे जावातल्या टेस्ट चालवायचं साधन) केलेलं असतं.

इन्स्टॉल सोपं आहे. आधी क्रोम अपडेट झालं की क्रोमड्रायव्हर (सेलेनियमला क्रोमशी जोडणारा प्रोग्रॅम) जुळवत बसा हा जो ताप होता तो इथं नाही कारण प्लेराइट स्वतःचे ब्राउझर स्वतः उतरवतं (सेलेनियममध्ये पण 2022 ला 4.6 पासून ड्रायव्हर स्वतः आणणारा सेलेनियम मॅनेजर आलाय, त्यामुळं त्याची उगाच जुनी बदनामी नको). फक्त ते क्रोमियम, फायरफॉक्स, वेबकिट असे तिन्ही उतरवतं, आणि पोरगं रूमवर मोबाईलच्या हॉटस्पॉटवर बसलेलं असेल तर दिवसाचा डेटा तिथंच संपतो. इन्स्टॉलच्या कमांडला शेवटी नुसतं क्रोमियम लिहायला सांगा, बाकीचे दोन नंतर.

मग येतं कोडजेन. ब्राउझरमध्ये क्लिक करत जायचं आणि शेजारी कोड आपोआप उमटतो. पहिल्या दिवशी सगळे लई खूश, अर्ध्या दिवसात पट्टीची टेस्ट तयार! माझं स्पष्ट मत, सुरुवातीला हे दाखवूच नका. कोड तयार होतो पण तो असा का झाला ते कुणालाच सांगता येत नाही. आमच्या पट्टीच्या फॉर्मवर 'जतन करा' असं बटन आहे, पुढं स्क्रीनवर 'जतन करा आणि प्रिंट' असं दुसरं आलं, आणि टेस्ट स्ट्रिक्ट मोडची एरर देऊन पडली. कारण रोलवरून (म्हणजे बटन, लिंक असा घटकाचा प्रकार) बटन शोधताना नावाचा तुकडा जरी जुळला तरी प्लेराइट ते धरतं, मग दोन सापडली की ते अंदाजानं एक निवडत नाही, सरळ थांबतं. तिथं एक्झॅक्ट ट्रू (नाव पूर्ण जुळलं तरच धर) टाकायचं असतं. हे नुसतं कोडजेनवर वाढलेल्या पोराला कळायला संध्याकाळ होते.

खरा माल आहे तो ट्रेस व्ह्यूअर. मी तर म्हणतो फक्त यासाठी प्लेराइट घ्या. टेस्ट पडली की तिची ट्रेस फाईल (टेस्टची सगळी नोंद) उघडायची, प्रत्येक स्टेपच्या आधी आणि नंतर स्क्रीन कशी होती ते दिसतं, नेटवर्कला कुठला कॉल गेला, कन्सोलला काय आलं, सगळं एका जागी. "सर, माझ्याकडं तर चालायलंय" हे वाक्य आमच्याकडं त्यामुळं निम्म्यानं तरी कमी झालं, कारण आता बोलण्याआधी ट्रेस दाखवावा लागतो. नवीन माणसाला आम्ही पहिला आठवडा एकही नवी टेस्ट लिहू देत नाही, रात्रीच्या रनमधल्या पडलेल्या टेस्ट द्यायच्या आणि विचारायचं, ॲप बिघडलं का टेस्ट बिघडली? ॲप शिकतात, कोड शिकतात आणि डेव्हलपरशी कसं बोलायचं ते पण शिकतात, आणि हे क्लासमध्ये शिकवताना तरी मी कुठं बघितलं नाही.

आणि कापलेला स्टार इथंच आहे. नवीन प्रोजेक्ट तयार केला की त्याच्या सेटिंगमध्ये ट्रेस 'पहिल्या रिट्रायला' (पडलेली टेस्ट पहिल्यांदा परत चालवताना) असा येतो, आणि स्वतःच्या लॅपटॉपवर रिट्राय असतात शून्य. म्हणजे ट्रेस बनतच नाही! पोरगं फोल्डर शोधत बसतं. ते बदलून 'फेल झाली तर ठेव' करा, पहिल्याच दिवशी. सीआयवर (टेस्ट आपोआप चालवणारा सर्व्हर) उलटं, तिथं दोन रिट्राय असतात, त्यामुळं आधी पडून मग पास झालेली टेस्ट फ्लेकी म्हणून येते आणि एकूण रन हिरवाच राहतो, नवखा माणूस हिरवं बघून पुढं जातो. फ्लेकीचा कॉलम रोज कुणीतरी वाचला पाहिजे.

टाइपस्क्रिप्टमध्ये (जावास्क्रिप्टवर बेतलेली भाषा) अजून एक खड्डा म्हणजे अवेट, म्हणजे हे काम संपेपर्यंत थांब असं सांगणारा शब्द. तपासणीच्या ओळीआधी अवेट राहिलं तर तपासणी व्हायच्या आत टेस्ट पुढं निघून जाते आणि पास पण होऊ शकते. जावावरून आलेल्या पोरांना हे डोळ्याला दिसतच नाही. टाइपस्क्रिप्ट-ईएसलिंटचा (कोडमधल्या चुका आपोआप दाखवणारं टूल) नो-फ्लोटिंग-प्रॉमिसेस हा नियम लावून टाका, रिव्ह्यूमध्ये डोळे फोडत बसू नका.

थ्रेड-स्लीपची (ठराविक सेकंद नुसतं थांबायची) सवय मात्र छान सुटते, कारण क्लिक करण्याआधी बटन दिसतंय का, चालू आहे का ते प्लेराइट स्वतःच बघतं. तरीपण कुणीतरी पाच सेकंदांचा वेट घुसडतंच, सवय ती सवय. 8 जीबीच्या लॅपटॉपवर वर्कर (एकाच वेळी टेस्ट चालवणाऱ्या प्रोसेस) एकच ठेवा, नाहीतर ते कोअरच्या निम्मे वर्कर उघडतं आणि पंखा बोंबलतो.

पैसे काही नाहीत, अपाचे लायसन्स आहे. टीम जावावरच राहणार असेल तर एक बघून घ्या, कोडजेन आणि ट्रेस व्ह्यूअर जावाला पण चालतात, पण टेस्ट एक-एक स्टेपनं मागंपुढं करून बघायचा यूआय मोड प्लेराइटच्या स्वतःच्या टेस्ट रनरचा आहे, तो जावात मिळत नाही.