"मावेजा डबल करून देतो" म्हणणारा एजंट

कालव्यात आमच्या चुलत्यांची जमीन गेली. भूसंपादनाची पहिली, म्हणजे कलम ११ ची अधिसूचना निघाली आणि पाठोपाठ तालुक्याचा एक एजंट दारात हजर. "तात्या, रेट डबल करून देतो. वीस टक्के द्या, तेही पैसे आल्यावर." आधी काही मागत नाही म्हणजे माणूस भला, असं भावकीचंही मत पडलं.

आता हे "डबल" काय ते ऐका. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात कलम ३० आहे. जमीन, विहीर, झाडं धरून जी भरपाई म्हणजे मावेजा ठरतो, तिच्यावर तेवढीच, म्हणजे १०० टक्के दिलासा रक्कम द्यावीच लागते. त्याला ना ओळख लागते, ना वशिला. निवाड्यात, म्हणजे भरपाई ठरवणाऱ्या सरकारी आदेशात, तो आकडा दिसला आणि तात्यांनी एजंटलाच पेढे दिले!

खेटे नकोत म्हणून त्याने आधीच कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सह्या घेतल्या होत्या. नवं खातं उघडून सही केलेले चेकही त्याच्याकडेच. मावेजा जमा झाला आणि वीस नव्हे, पस्तीस टक्के उचलले गेले. जाब विचारल्यावर त्याने करारनामा पुढे केला. वरच्या अर्ध्या पानात मजकूर ऐसपैस, आणि सहीजवळ येता येता ओळी मुंग्यांसारख्या दाटलेल्या. सही आधी, टायपिंग नंतर, हे शाळकरी पोरही सांगेल. पोलीस मात्र एवढंच विचारतात, "सही तुमचीच ना?"

पैशापेक्षा मोठा घाव पावतीचा. संयुक्त मोजणीत पाइपलाइन धरलीच नव्हती. त्यासाठी कलम ६४ खाली वाढीव मावेजाचा अर्ज करता आला असता, पण रक्कम घेताना "हरकत राखून" असं लिहावं लागतं. नाहीतर कलम ७७ प्रमाणे तो हक्कच जातो. एजंटने पावती साधी भरली, कारण हरकत नोंदवली तर पेमेंट अडकतं, अशी त्याची थाप. कायद्यात हरकत राखून रक्कम उचलायची उघड मुभा आहे. शिवाय निवाड्यावेळी हजर असाल तर अर्जाला सहाच आठवडे मिळतात.

शेजारच्या गटवाल्यांनी हरकत नोंदवून दावा लावलाय. त्यांची रक्कम वाढली, तर त्याच अधिसूचनेतल्या इतरांना कलम ७३ प्रमाणे तीन महिन्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. आमच्या वकिलांची भिस्त आता त्यावरच आहे. एजंटने परवा पुढच्या गावात ऑफिस थाटलं. तिथेही कालव्याची मोजणी सुरू आहे.