तोरणमाळला लक्झरी टेंटमध्ये 2 रात्री: कॅम्पची यादी बाजूला ठेवा, गोधडी घ्या

आधी रेटिंग सांगून टाकतो, 5 पैकी साडेतीन. त्यातला अर्धा नुसता बंबाच्या पाण्याचा, ते पुढे येईल. तोरणमाळ म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातलं, सातपुड्यातलं थंड हवेचं ठिकाण. कॅम्पचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण तिथली कामाची पोरं खरंच चांगली होती आणि माझी तक्रार टेंटपेक्षा त्यांनी बुकिंगनंतर व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या "काय आणावे" या यादीबद्दल जास्त आहे. त्या यादीत काय होतं तर सनग्लासेस, हॅट, कॅमेरा, स्विमिंगचे कपडे (डिसेंबरात! तोरणमाळला!), आवडतं पुस्तक आणि शेवटी पॉझिटिव्ह एनर्जी. टॉर्चचं नाव नाही, स्वेटरचं नाव नाही, कॅशचं नाव नाही. कुठल्यातरी गोव्याच्या रिसॉर्टची यादी उचलून चिकटवली असणार, दुसरं काय.

आम्ही चौघं, मी, बायको, 8 वर्षांचा मुलगा आणि तिसरीतली भाची. आई येणार नव्हती पण निघताना तिने दोन गोधड्या डिकीत कोंबल्या. मी म्हटलं अगं लक्झरी टेंट आहे, ब्लँकेट देतात ते लोक, तर म्हणे "तठे हिव वाजी मंग माले नको सांगजो" (तिथे थंडी वाजली तर मग मला सांगू नकोस). मी चिडून डिकी लावली, एवढंच सांगतो सध्या.

धुळ्याहून सोनगीर, दोंडाईचा, सारंगखेडा, शहादा असा रस्ता घेतला. सारंगखेड्याला दत्त जयंतीची यात्रा चालू होती, घोडेबाजार भरलेला, तापीच्या पुलाच्या अलीकडूनच गाड्यांची रांग, त्यात पाऊण तास गेला आणि मुलाने घोडा मागितला. डिसेंबरात जाणार असाल तर हे धरून चला. शहादा हे शेवटचं मोठं गाव समजा, पेट्रोल, एटीएम, औषधं, फळं सगळं तिथेच उरकून घ्या, तिथून वर पन्नास-पंचावन्न किलोमीटर आहे. म्हसावद सोडलं की पुढे घाट लागतो आणि मग वळणंच वळणं. आमच्या भाचीला तिसऱ्या-चौथ्या वळणाला मळमळायला लागलं, उलटीच्या गोळ्या होत्या हो आमच्याकडे, पण कुठे तर सगळ्यात खालच्या बॅगेत, कपड्यांच्या खाली. तेव्हा पहिला नियम हा लिहून घ्या की ओवा, आवळासुपारी, लिंबू, दोन-चार कॅरीबॅगा आणि एक जुना टॉवेल पुढच्या सीटच्या पायाशी पाहिजे आणि गोळी घाटात नाही, शहाद्याला चहा पितानाच द्यायची. सीट कव्हर अजून वास मारतंय.

आता टेंट. स्विस टेंट होता, आत डबल बेड, वर दोन गाद्या जादाच्या, छोटं टेबल, मागे झिप उघडून बाथरूम, बाहेर लाकडी फळ्यांचा ओटा आणि दोन खुर्च्या. दिसायला एक नंबर. संध्याकाळी साडेपाचला यशवंत तलावावरून ऊन सरकत चाललं होतं, आम्ही ओट्यावर बसून चहा पीत होतो आणि मला वाटलं पैसे वसूल झाले. माणशी 2200 रुपये, नाश्ता आणि दोन जेवणं धरून, मुलांना अर्धे. मग सूर्य गेला.

ज्यांनी तोरणमाळची थंडी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो, हे साडेतीन हजार फुटांच्या वर आहे. खाली धुळ्यालाच डिसेंबरात पारा कधीकधी 8-9 वर येतो, वर काय होत असेल ते बघा. थंडीची लाट आली की सातपुड्यात डाब गावाकडे दवबिंदू गोठल्याची बातमी दरवर्षी पेपरात वाचतोच की आपण. कॅम्पने माणशी एक ब्लँकेट दिलं, ते हॉटेलात असतं तसं गुळगुळीत, अंगावरून घसरणारं. बरं वरून कितीही घ्या, थंडी येत होती खालून. कॉट उंच, तिच्या खालून गार हवा मोकळी फिरते आणि गादी जेमतेम चार बोटं. रात्री एकला बायको उठली, काही न बोलता गाडीची चावी घेतली, डिकीतून दोन्ही गोधड्या आणल्या आणि एक पांघरायला न घेता गादीवर, चादरीच्या खाली अंथरली. मी म्हटलं वरून घे ना, तर म्हणाली आधी खालची थंडी तर बंद कर. दहा मिनिटात फरक. जुन्या लुगड्यांचे पाच-सहा थर असतात हो त्यात, त्याच्यापुढे त्या ब्लँकेटचं काही चालत नाही. दुसरी गोधडी मुलांवर टाकली आणि मी आपला जॅकेट घालून झोपलो, तेच माझ्या लायकीचं होतं.

पहाटे चारच्या सुमाराला कपाळावर टप्पकन थेंब पडला. मला वाटलं पाऊस. टॉर्च वर मारला तर टेंटच्या आतल्या कापडावर बारीक बारीक थेंबांची जाळी, एकेक थेंब मोठा होऊन उताराने सरकत शिवणीपर्यंत यायचा, तिथे थांबायचा आणि मग खाली. गळती नव्हती ती. आम्ही चार माणसं रात्रभर आत श्वास सोडत होतो, थंडी म्हणून सगळ्या झिपा आणि जाळीच्या खिडक्यांचे पडदे घट्ट लावून टाकलेले, मग ती वाफ गार कापडाला लागून पाणीच होणार. दुसऱ्या रात्री दोन समोरासमोरच्या खिडक्यांचे पडदे वरून चार बोटं उघडे ठेवले तर थेंब फारच कमी, आणि थंडी काही त्याने वाढली नाही. हे कॅम्पवाल्याने आधी सांगायला काय जात होतं? आणि कपडे, मोबाईल, चार्जर काही कापडाला टेकवून ठेवू नका, माझी दुसऱ्या दिवशीची पँट तशीच ओली झाली. मोज्यांचंही तेच, सकाळी गवतात दव इतकं की बुटातून पाणी आत जातं, सुती मोजे एकदा भिजले की दिवसभर पाय गार, लोकरीचे दोन जोड घ्या, त्यातला एक फक्त झोपायला ठेवा.

लाईटचं म्हणाल तर टेंटमध्ये एक बल्ब आणि एकच चार्जिंग पॉइंट, इन्व्हर्टरवर. शेजारच्या टेंटमधल्या ताईंनी हेअर ड्रायर लावला आणि सगळ्या कॅम्पची लाईट गेली, पोरं बॅटरी घेऊन पळाली बिचारी. साधा एक्स्टेन्शन बोर्ड आणि एक पॉवर बँक घ्या, 10,000 एमएएचची पुरते दोघांना. नेटवर्क वर धड नाही, आणि नेटवर्क शोधत बसला की मोबाईलच बॅटरी खातो, त्यात थंडी, म्हणून रात्री सरळ फ्लाइट मोडवर टाका. यूपीआयच्या भरवशावर तर अजिबात जाऊ नका, आम्ही रोख आणली नसती तर चहाचे पैसे द्यायला पुन्हा खाली उतरावं लागलं असतं. मोबाईलच्या टॉर्चपेक्षा डोक्याला लावायची टॉर्च घ्या, साधी तीनशे-चारशेवाली, रात्री मुलाला बाथरूमला नेताना एक हात त्याचा, एक हात झिपला, टॉर्च कुठे धरणार?

बूट आत घ्या. हे आम्हाला तिथल्या एका पावरा (इथला आदिवासी समाज) पोराने सांगितलं, आम्ही छान ओट्यावर ओळीने काढून ठेवले होते. म्हणाला साहेब, आत घ्या आणि सकाळी घालायच्या आधी उलटे करून झटका, विंचू बसतो. आमच्या बुटात काही निघालं नाही पण मुलगा आता घरीसुद्धा शाळेचे बूट झटकतो.

जेवण. मेनूत पनीर बटर मसाला, हक्का नूडल्स, जिरा राईस. सातपुड्याच्या डोक्यावर येऊन हक्का नूडल्स! पहिल्या रात्री तेच खाल्लं, ठीक होतं, आठवण राहावी असं काही नाही. आम्ही भरिताचा बेत करून गेलो होतो, आसोद्याकडची हिरवी मोठी वांगी, मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, बायकोने बडगी, म्हणजे भरीत ठेचायचं लाकडी भांडंसुद्धा घेतलं होतं. दुसऱ्या रात्री 300 रुपये जादा देऊन शेकोटीची लाकडं घेतली. आणि इथे फजिती झाली, कारण भरिताला लागतात पऱ्हाट्या, कपाशीची वाळकी झाडं, भसकन पेटतात आणि वांग्याला चारी बाजूंनी जाळ लागतो, इथे ते मांडीएवढे ओंडके, नुसता धूर. वांगी बाहेरून काळी, आतून कच्ची, आणि चिमटा घरी राहिलेला. मी दोन काटक्यांनी वांगं फिरवत होतो, एक फुटलं ते राखेत गेलं. शेवटी स्वयंपाकघरातल्या मावशींनी हसत हसत उरलेली वांगी आपल्या चुलीवर नेली आणि व्यवस्थित भाजून आणली. रात्री नऊला भरीत झालं, मावशींना आणि पोरांना दिलं आणि त्यांनी बदल्यात आम्हाला त्यांच्यासाठी केलेली मक्याची भाकरी आणि आमचूर घातलेली उडदाची डाळ दिली. दोन दिवसातलं सगळ्यात चांगलं जेवण ते, आणि ते मेनूत नाही! निघायच्या दिवशी दुपारी पनीर रद्द करून तेच मागितलं, आनंदाने दिलं. तुम्ही आधीच सांगून ठेवा. भरीत करायचंच असेल तर गाडीत पऱ्हाट्यांची एक मोळी टाका, जंगलातून काटक्या गोळा करत फिरू नका, आणि चिमटा, सुरी, वर्तमानपत्र, काडेपेटी एका पिशवीत. बिबड्या (ज्वारीचे पापड) मात्र निखाऱ्यावर झकास भाजल्या गेल्या, मुलांनी तेवढंच खाल्लं.

आता बंब. गिझर नाही हे ऐकून मी वैतागलो होतो. पण सकाळी टेंटांच्या मागे तांब्याचा मोठा बंब पेटवलेला असतो, पोरं बादली भरून दाराशी आणून देतात, पाणी कडकडीत आणि त्याला धुराचा थोडासा वास. लहानपणी आजोळी असंच असायचं. मुलगा कधी नव्हे ते दोन तांबे जास्त मागून अंघोळ करत होता. फक्त बाथरूमचं खालचं कापड बर्फासारखं असतं, रबरी स्लीपर पाहिजेच.

नेऊन पस्तावलो अशा वस्तूंमध्ये पहिला नंबर चाकांच्या बॅगेचा, पार्किंगपासून टेंटपर्यंत दगडगोट्यांची पायवाट आहे, बॅग डोक्यावर घेऊन चाललो. पाठीवरची सॅक घ्या. ब्लूटूथ स्पीकर काढलाच नाही आणि कोणी काढूही नये, रात्री तिथे जी शांतता आहे ती आपल्याकडे कुठे मिळते. बायकोचा इस्त्रीचा शर्ट, माझा गॉगल, दोन्ही बॅगेतच. सीताखाई आणि गोरखनाथाचं मंदिर बघायला साधे मळके कपडे आणि घट्ट बूट पुरे.

बुकिंग करणार असाल तर तलावाकडची टेंट मागू नका. फोटोत ती सगळ्यात सुंदर दिसते आणि तिचेच 500 जास्त घेतात, पण पाण्याजवळ गारठा आणि दव दोन्ही जास्त, पहाटे आमच्या ओट्यावरच्या खुर्च्या अक्षरशः निथळत होत्या. वरच्या बाजूला झाडांच्या आडोशाला तीन टेंट आहेत, आम्ही दुसऱ्या दिवशी विनंती करून त्यातल्या एकीत हललो, तिथे वारा लागत नाही आणि बंबही जवळ. आईला घरी आल्यावर मी काहीच सांगितलं नाही, गोधड्यांना धुराचा वास येत होता म्हणून तिनेच त्या गच्चीवर वाळत टाकल्या. पुढचा विचार ऑगस्टचा चाललाय, सीताखाईचा धबधबा तेव्हा बघायचा असतो म्हणतात सगळे, पण पावसात टेंट घ्यायची का सरळ पक्की खोली, यावर आमच्याकडे अजून एकमत नाही.