प्लास्टोसायनिनसाठी यूव्ही-व्हिज की ईपीआर? दोन्ही करून बसलेल्याचं मत

पालकातून प्लास्टोसायनिन (प्रकाशसंश्लेषणात इलेक्ट्रॉन वाहून नेणारं तांब्याचं प्रोटीन) काढलं की पुढचा प्रश्न हाच येतो, की यूव्ही-व्हिजवर (कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजणं) भागवायचं का ईपीआरच्या (चुंबकीय क्षेत्रात जोडी नसलेले इलेक्ट्रॉन टिपणं) मागे लागायचं. मी दोन्ही केलंय आणि नागपुरात बसून केलंय. हे "नागपुरात बसून" का महत्त्वाचं ते पुढे येईलच.

तसं हे प्रोटीन आपल्यासारख्यांवर मेहेरबान आहे. तांब्याचा एकच अणू, तो ऑक्सिडाइज असला की 597 नॅनोमीटरच्या आसपास शोषतो आणि निळाशार दिसतो, इलेक्ट्रॉन मिळाला की रंग गायब. आधीच्या सायटोक्रोम एफ या प्रोटीनकडून इलेक्ट्रॉन घेतला, पुढच्या पी700 या क्लोरोफिलच्या जोडीला दिला, हा सगळा व्यवहार डोळ्यांना दिसतो. आम्ही सकाळी सकाळी कॉटन मार्केटातून पाच किलो पालक आणायचो, दिवसभर बर्फात हात घालून घासाघीस, आणि कधीतरी रात्री कॉलमवर तो बोटभर निळा पट्टा खाली सरकायला लागला की सगळी लॅब भोवती जमायची.

मग यूव्ही. दिवा तापेपर्यंत खाली जाऊन तर्री पोहे खायचे, वर येऊन क्युवेट ठेवायचा, ऑक्सिडाइज करायला फेरीसायनाइडचा थेंब, स्कॅन, मग रिड्यूस करायला, म्हणजे इलेक्ट्रॉन द्यायला, चिमूटभर अ‍ॅस्कॉर्बेट, परत स्कॅन, वजाबाकी केली की झालं. 278 आणि 597 चं गुणोत्तर 1.2 च्या जवळ आलं की माल बऱ्यापैकी शुद्ध समजायचा. खोट एवढीच की रंग दिसायला गडद असला तरी एक्स्टिंक्शन (ठरावीक प्रमाणाला किती प्रकाश शोषतो तो आकडा) फार नाही, दर मिलिमोलरला 4.5 ते 5 च्या मधे, म्हणजे 10 मायक्रोमोलर असेल तर शोषणाच्या 0.05 वर खेळ, आणि तेवढ्यात बेसलाइन हलली तर आकडा विसरा. क्लोरोफिल सोबत असेल तर 597 ला हात लावू नका. अख्ख्या पानावर 820 च्या आसपास मोजणारे आहेत, पण तिथे पी700 आणि प्लास्टोसायनिन एकमेकांत मिसळतात, मी त्या वाटेला गेलो नाही.

ईपीआरची शान वेगळी आहे, खोटं कशाला बोला. Cu(II), म्हणजे ऑक्सिडाइज तांबं, दिसतं; Cu(I), म्हणजे रिड्यूस झालेलं, मुकं. आणि दिसतं तेही असं की तांबं आपल्या जागेवर नीट बसलंय की प्रोटीन बिघडून सुटं झालंय ते लगेच कळतं, कारण ईपीआरवर निळ्या तांब्याच्या ज्या चार रेषा येतात त्यांच्यामधलं अंतर साध्या तांब्याच्या निम्म्याहून कमी असतं. यूव्हीवर नुसता निळा कमी झालेला दिसेल, का कमी झाला ते नाही कळणार. तांब्याऐवजी लोह-गंधकाचं काही, म्हणजे सायटोक्रोम बी6एफमधलं रिस्के सेंटर किंवा फेरेडॉक्सिन असेल तर मी वादच घालणार नाही, यूव्हीवर त्यांचे पट्टे पसरट आणि फिके, रिड्यूस करून ईपीआरलाच न्या. फक्त तिथे द्रव नायट्रोजनच्या 77 केल्विनवर भागेलच असं नाही, हेलियमपर्यंत खाली जावं लागतं आणि तो खर्च तुमचा गाईड बघेल.

आता माझं दुखणं. आमच्याकडे ईपीआर नव्हतं, बाहेरगावच्या एका सेंटरला सॅम्पल पाठवायचं, स्लॉट मिळायला दोन महिने, आणि मिळाला तो नेमका मे महिन्यात. थर्माकोलच्या डब्यात ड्राय आइस भरून ज्युनियर रात्रीच्या गाडीने गेला, बाहेर 45 डिग्री, सकाळी डबा उघडला तर ड्राय आइस संपलेला आणि ट्यूब पाणी पाणी. त्यांनी परत गोठवून रन केलं. निरोप आला, सर यात कॉपर नाहीये. सपाट रेषा. म्हटलं दोन थेंब फेरीसायनाइड टाकून बघा, तर म्हणे आम्ही सीलबंद ट्यूबच रन करतो, सॅम्पलला हात लावत नाही. नियम असेल, पण अरे, दोन थेंब!

ट्यूब परत आली. आमच्या लॅबमधले काका बघून म्हणाले, "काहून जी सर, तुमचं निळं पाणी कुठं सांडलं?" मी क्युवेटमध्ये ओतलं, फेरीसायनाइड टाकलं, आणि हळूहळू निळं झालं. तांबं तिथेच होतं, वाटेत बसल्या बसल्या रिड्यूस झालं होतं एवढंच. ईपीआरच्या लेखी दोन महिन्यांचं काम शून्य, यूव्हीवर पाच मिनिटांत उत्तर. आता हा दोष मशीनचा नाही हे मलाही कळतं, मशीन तुमच्याच मजल्यावर असेल तर तुमचं मत वेगळं होईलही. पण माझा त्यानंतरचा जवळजवळ सगळा डेटा यूव्हीवरचा आहे, ईपीआर मी फक्त एकदा, सुटं तांबं नाही हे दाखवायला केलं, कारण रिव्ह्यूअर अडून बसला होता.

तुम्हाला पाठवायचंच असेल तर ट्यूबमध्ये भरण्याआधी 597 बघून घ्या, ग्लिसरॉल घाला, ट्यूब नायट्रोजनमध्ये खालून हळूहळू उतरवा नाहीतर तडकते, आणि स्लॉट डिसेंबरचा मागा.