लघुप्रबंध छापायचाय? कन्ना चौकाजवळचं अण्णांचं झेरॉक्स-डीटीपी दुकान

नोकरी सांभाळून समाजशास्त्रात एमए करणाऱ्यांसाठी हे लिहितेय. नवीन शैक्षणिक धोरणानंतर दुसऱ्या वर्षाचा संशोधन प्रकल्प कुणालाच चुकलेला नाही. तिसऱ्या सत्रात 4 श्रेयांक, चौथ्यात 6. तेव्हा मार्च उजाडला की सोलापुरातल्या प्रत्येक एमएवाल्याला एकच प्रश्न पडतो, टायपिंग आणि बाइंडिंग कुठं करायचं? मी पतसंस्थेत काउंटरवर बसते, संध्याकाळी सहाशिवाय सुटका नाही, त्यामुळे कॉलेजच्या गेटवरची दुकानं मला उपयोगाची नव्हती. हे दुकान रात्री साडेनऊपर्यंत उघडं असतं, म्हणून मी तिथं गेले.

कन्ना चौकातून आत वळलं की डाव्या हाताला आहे. शेजारच्या शेडमध्ये टॉवेलचे माग चालतात, खटखट कानात बसते, त्यामुळे अण्णांशी जरा मोठ्यानंच बोलावं लागतं. पाटीवर दुकानाचं नाव नाही. 'झेरॉक्स, डीटीपी, स्पायरल, लॅमिनेशन' एवढंच, त्यातलंही 'लॅमिनेशन' उन्हानं उडालंय. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, कागदवाल्याशी हिंदी. सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीत, हे काही नवल नाही.

आधी टायपिंगचं. पानाला 25 रुपये, दीड ओळीचं अंतर, बाइंडिंगसाठी डावीकडं दीड इंच समास. अण्णा जुने श्री-लिपीवाले, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरवाले. त्यांचा हात त्या कीबोर्डवर इतका बसलाय की युनिकोडमध्ये टाइप करा म्हटलं की तोंड वाकडं करतात. आधी श्री-लिपीत करतात आणि मग कन्व्हर्टरमधून काढतात. इथंच घात होतो. कन्व्हर्टर रफार उचलून पुढच्या अक्षरावर ठेवतो. माझ्या पहिल्या प्रुफात कार्ल मार्क्स पानोपानी 'माक्र्स' झाले होते आणि दुर्खीम 'दुखीर्म'. 'वर्ग' मात्र कसा कोण जाणे, शाबूत. समाजशास्त्राच्या पोरांनी प्रूफ हातात आल्यावर सगळ्यात आधी रफार असलेली नावं तपासावीत. वर्गसंघर्ष नंतर बघता येतो.

बाकी अण्णांचा हात चोख आहे. हस्ताक्षर कसलंही असो, वाचतात. 'संस्कृतीकरण', 'प्रभुजात', 'प्रकट व अप्रकट प्रकार्ये' हे शब्द त्यांना विचारावे लागत नाहीत, इतके लघुप्रबंध हाताखालून गेलेत. माझ्या मसुद्यात मी समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांच्या जातीवरच्या पुस्तकाचं साल 1952 असं लिहिलंय की काय, अशी शंका त्यांनीच काढली. प्रत्यक्षात माझा 3 नीट आला नव्हता. "घुर्ये 1932. 1952 म्हणजे श्रीनिवासांचं कूर्गवालं." (समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांचं कूर्गमधल्या समाजावरचं पुस्तक.) कॉलेजात हे असं तोंडपाठ सांगणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

आणि ही तर दुकानाची खरी मिळकत. अण्णा स्वतः पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातले, वडील मागावर. पूर्व भागातल्या विणकरांवर किंवा विडी कामगार बायकांवर कुणी लिहिलं की ते टाइप करता करता वाचतात आणि पटत नसेल तर थांबतात. एका मुलाच्या तक्त्यात 'घरातील कमावत्या व्यक्ती : 1' असं घरोघरी आलेलं. अण्णांनी त्याला माझ्यासमोरच विचारलं, "घरात विड्या कोण वळतंय? ती कमावत नाही व्हय?" पोरगं गप्प. त्यानं फक्त पुरुषांना विचारलं होतं. शुल्काशिवाय मिळणारा हा सल्ला कुठल्या गाईडकडनं मिळत नाही; निदान मला तरी गाईडनी विचारलेला पहिला प्रश्न 'पानं किती झाली' हाच होता.

आता दुसरी बाजू. अण्णांच्या कॉम्प्युटरवर एक फोल्डर आहे, त्यात लघुप्रबंधाचा तयार साचा आहे. पाच प्रकरणं: प्रस्तावना, संशोधन साहित्याचा आढावा, संशोधन पद्धती, तथ्यांचे विश्लेषण, निष्कर्ष व शिफारशी. विषय सांगा, दोन हजार द्या, पहिली तीन प्रकरणं नावगाव बदलून तयार. मागणी भरपूर आहे, मी अण्णांना एकट्याला दोष देत नाही. पण हा माल घेऊ नका. मी तो चाळून पाहिलाय. पहिल्या पानावर मॅकआयव्हर आणि पेज यांची समाजाची व्याख्या, मग ऑगबर्न आणि निमकॉफ, मग पद्धतीच्या प्रकरणात पी. व्ही. यंग आणि गुड-हॅट. गुड-हॅटचं पुस्तक 1952 चं, यंगबाईंचं त्याहून जुनं. जुनं म्हणून वाईट नाही, पण विषय विडी कामगारांचा असो की मोबाइलचा तरुणांवरील परिणाम असो, पाहुणे तेच. लग्नात आहेराच्या यादीत जशी तीच नावं फिरत असतात, तसं.

खरी गोम 'नमुना निवड' या परिच्छेदात आहे. साच्यात लिहिलंय, 'सदर संशोधनासाठी साध्या यादृच्छिक पद्धतीने 50 उत्तरदात्यांची निवड करण्यात आली.' साधी यादृच्छिक निवड करायला आधी सगळ्यांची यादी लागते, मग त्यातून चिठ्ठी किंवा यादृच्छिक संख्यांचा तक्ता. पूर्व भागातल्या घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकांची पूर्ण यादी कुणी कुणाच्या हातात देत नाही. मी जे केलं ते असं: आमच्या पतसंस्थेत येणाऱ्या एका मावशींकडून दुसरीकडं, तिच्याकडून तिच्या जावेकडं. याला स्नोबॉल म्हणतात, ती रीतसर पद्धत आहे, तिच्या मर्यादाही माहीत आहेत. एकाच गोतावळ्यातल्या बायका जास्त येतात, हे मी लिहिलं. त्यात कमीपणा काय? पण 'यादृच्छिक' हा शब्द भारदस्त दिसतो म्हणून सगळे तोच ठेवतात आणि व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, बाहेरच्या परीक्षकांनी 'यादी कुठून आणली' विचारलं की घाम फुटतो.

साच्यासोबत प्रश्नावलीही येते. तिच्यातला 'आपण आपल्या कामाबाबत समाधानी आहात काय? होय / नाही / सांगता येत नाही' हा प्रश्न मी उत्सुकतेपोटी एका बाईंना विचारून बघितला. त्यांच्या मांडीवर सूप, सुपात पानं, बोटं चाललेली, नजर वर नाही. म्हणाल्या, "समाधान म्हणजे काय विचारलालीस गं? हप्ता फिटलालाय का म्हणून?" मग आपण होऊनच सांगितलं की विडी कारखान्याचं कामाचं पुस्तक सासूच्या नावावर आहे, पानं-तंबाखू सासूच्या नावानं येतो, वळतात मात्र त्या आणि शाळेतनं आल्यावर थोरली मुलगी. साच्याच्या प्रश्नावलीत त्या 'गृहिणी' झाल्या असत्या आणि मुलगी 'शिक्षण घेत आहे' या रकान्यात. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1966 च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याचं संरक्षण कागदावर ज्या नावाला होतं आणि काम ज्या हातांना होतं, त्यांच्यातलं हे अंतर कुठल्याही होय-नाहीच्या चौकटीत मावत नाही. माझं तिसरं नव्हे तर चौथं प्रकरण त्यातनंच उभं राहिलं, म्हणून सांगतेय.

तक्ते आणि काय-वर्ग चाचणी (दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का, हे आकड्यांवरून बघायची चाचणी) यांचे दर वेगळे आहेत, एका तक्त्याला 100 रुपये. एक्सेलवर करतात, पटकन होतं. पण 50 जणींचा नमुना घेऊन शिक्षणाचे पाच गट आणि उत्पन्नाचे चार गट असा तक्ता मांडला तर 20 घरं होतात, म्हणजे एका घरात सरासरी अडीच बाया. या चाचणीला बहुतेक घरांत अपेक्षित संख्या किमान 5 तरी लागते. आकडा येतो, 'गृहीतकृत्य सिद्ध झाले' असं वाक्यही येतं, अर्थ काही नसतो. गट कमी करा किंवा चाचणी सोडून द्या. आणि कृपा करून '2.00 टक्के' असं दोन दशांशांपर्यंत लिहू नका. पन्नासांत 2 टक्के म्हणजे एक बाई. अण्णांना सांगितलं की ते दशांश काढून टाकतात, हट्ट करत नाहीत. त्रिमिती पायचार्ट मात्र ते प्रेमानं टाकतात, तेवढा मी एक राहू दिला.

अण्णांची सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट वेगळीच. प्रत्येकाची फाइल ते जपून ठेवतात. एकीकडं ही मोठी सोय. एम. एन. श्रीनिवासांच्या रामपुराच्या नोंदींच्या तिन्ही प्रती 1970 साली स्टॅनफर्डमध्ये लागलेल्या आगीत जळाल्या आणि त्यांना ते गाव आठवणीतून लिहावं लागलं, हे आपण परीक्षेच्या पेपरात लिहितो. आपल्याला काही ते जमणार नाही; पेनड्राइव्ह हरवला की संपलं. त्यामुळे अण्णांच्या हार्डडिस्कवर एक प्रत असणं बरंच. पण त्याच फोल्डरमध्ये, कुणालाही दिसेल अशी, गेल्या वर्षांतल्या प्रबंधांची परिशिष्टं पडलेली आहेत. 'उत्तरदात्यांची यादी': नाव, वय, गल्ली, मोबाइल. एका प्रबंधाचा विषय कौटुंबिक हिंसाचार होता. शेजारी उभं राहून मी सहज वाचू शकत होते. हे गंभीर आहे. मी अण्णांना बोलले, तर ते म्हणाले, "मग लिहिता कशाला? तुमच्या सरांनाच यादी पाहिजे असते." तेही खोटं नाही. मुलानं खरंच घरोघर जाऊन माहिती गोळा केली का, याचा पुरावा म्हणून यादी मागायची पद्धत पडलीय. माझ्या कामात मी नावांऐवजी क्रमांक टाकले आणि नावांची वही गाईडना दाखवून घरी आणली. तेवढ्यावर भागलं. अण्णांनी माझी फाइल पासवर्ड टाकून वेगळी ठेवली, पण जुन्यांचं काय केलं ते मी पाहिलेलं नाही.

पुस्तकांच्या झेरॉक्सबद्दल दोन शब्द. धनंजयराव गाडगीळांच्या नावावरचा, गोखले इन्स्टिट्यूटचा सोलापूर शहराचा सामाजिक-आर्थिक अभ्यास 1965 चा आहे. सोलापुरावर काम करणाऱ्यानं तो वाचलाच पाहिजे आणि त्यातल्या काही प्रकरणांच्या प्रती अण्णांकडं तयार असतात. हे चालतं का, असं विचारणाऱ्यांसाठी: दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानावर परदेशी प्रकाशकांनी 2012 साली खटला भरला होता. श्रीनिवासांनी 1959 साली समाजशास्त्र विभाग सुरू केला तोच हा परिसर. 2016 साली दिल्ली उच्च न्यायालयानं अभ्यासक्रमासाठी काढलेल्या प्रतींच्या बाजूनं निकाल दिला आणि पुढच्या वर्षी प्रकाशकांनी खटला मागं घेतला. म्हणून प्रकरणं काढायला मला संकोच नाही. बाजारात मिळणारं अख्खं पुस्तक मात्र विकतच घ्यावं असं माझं मत आहे, अण्णांचं नाही.

बाइंडिंगबद्दल तक्रारच नाही. काळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं, प्रतीला 220 रुपये. पाठीवरचं नाव सरळ बसतं, कोपरे फुगत नाहीत, पानं शिवून मग डिंक. नुसता डिंक लावलेल्या प्रती कपाटात वर्षभरात सुटतात, माझ्या बहिणीची दुसरीकडून केलेली सुटलीय. सोनेरी पंचिंगला टाकण्याआधी मुखपृष्ठाची साधी प्रिंट काढून दाखवतात आणि तिच्यावर सही घेतात. विद्यापीठाचं पूर्ण नाव, 'पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ', एका ओळीत बसत नाही. अण्णांना ते दोन ओळींत कुठं तोडायचं हे ठाऊक आहे. ठसा एकदा उमटला की रेक्झिन वाया.

जायचं असेल तर सबमिशनच्या निदान तीन आठवडे आधी जा. एप्रिलच्या शेवटी रांग रस्त्यावर येते. वीज गेली तर इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालतो, पण मोठं झेरॉक्स मशीन चालत नाही. नळाला पाणी येणार असेल त्या दिवशी दुकान अकराच्या आत उघडत नाही, तेव्हा अण्णांच्या गल्लीचा पाण्याचा वार आधी विचारून घ्या. पैसे मोबाइलवरून चालतात; टायपिंगला निम्मे आधी, बाइंडिंगचे प्रत हातात आल्यावर. कॉलेजला, विभागाला, गाईडना आणि स्वतःला अशा चार प्रती लागतात. पाचवी करून घ्या, ज्यांच्या घरी जाऊन माहिती आणलीत त्यांच्यातलं कुणीतरी मागतं. मला मागितली.